गरजणारा धूर

आमच्या चौथीच्या वर्गात मागच्या भिंतीवर दोन चित्रं चिकटवलेली आहेत. पहिलं एका जुन्या कॅलेंडरवरचं. त्यात पांढऱ्याशुभ्र पाण्याची लांबच लांब भिंत दरीत कोसळतेय आणि वर धुक्याचे लोट उठलेत. दुसरं वर्तमानपत्रातून कापलेलं. त्यात काळाकभिन्न उघडा कडा, आणि त्यावरून गळक्या पन्हाळीतून यावी तशी पाण्याची एखादी बारीक धार. दोन्हींखाली नाव मात्र एकच छापलंय : व्हिक्टोरिया धबधबा.

"बाई, यात काहीतरी चुकलंय," मुलं म्हणाली. एकानं तर निकालच देऊन टाकला, "पेपरवाल्यांनी दुसराच फोटो छापलाय." मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "आटला असेल."

खरं सांगू का मुलांनो, मलाही चटकन उत्तर देता आलं नाही. धबधब्याचं नाव, नदीचं नाव, खंडाचं नाव आणि 'शोध कोणी लावला', एवढं पाठ केलं की आमच्या वेळी गुण मिळायचे. पुढचं कुणी विचारत नसे. म्हणून मग मीच अभ्यासाला बसले. हा धबधबा मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण जे जे वाचून कळलं ते तुम्हाला सांगते. आणि आधीच सांगून ठेवते, ती दोन्ही चित्रं खरी आहेत.

आता नकाशा काढा बघू. आफ्रिकेच्या दक्षिण भागात झांबेझी नदी शोधा. नाईल, काँगो आणि नायजर यांच्यानंतर आफ्रिकेतली चौथ्या क्रमांकाची ही लांब नदी. झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात ती उगम पावते, अंगोलात शिरते, पुन्हा झांबियात येते, नामिबिया आणि बोट्स्वानाच्या कडेला हात लावते आणि मग झांबिया व झिंबाब्वे या दोन देशांची सरहद्द होऊन वाहते. शेवटी मोझांबिकमधून जाऊन ती हिंदी महासागराला मिळते. अडीच हजार किलोमीटरहून जास्त प्रवास! आपली गोदावरी १,४६५ किलोमीटरची.

या प्रवासात झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या मधोमध हा धबधबा आहे. एक गंमत पाहा. महाबळेश्वर विषुववृत्तापासून जितकं उत्तरेला आहे, जवळजवळ तितकाच हा धबधबा दक्षिणेला आहे. दोन्हीकडचं अक्षांश अठराच्या आसपास. म्हणजे तिकडचे ऋतू आपल्या उलटे. आपल्याकडे दिवाळी उरकून थंडी पडू लागते, तेव्हा तिकडे पावसाची सुरुवात होते.

हा जगातला सर्वांत उंच धबधबा आहे का? नाही. व्हेनेझुएलातला एंजल धबधबा ९७९ मीटर उंच आहे. फार लांब कशाला, आपल्या शेजारच्या कर्नाटकातला जोगसुद्धा २५३ मीटर आहे. व्हिक्टोरियाची उंची सर्वांत खोल ठिकाणी १०८ मीटर, म्हणजे साधारण छत्तीस मजली इमारतीएवढी. मग सर्वांत रुंद तरी? तेही नाही. पण रुंदी आणि उंची यांचा गुणाकार केला, तर कोसळत्या पाण्याचा एवढा मोठा पडदा जगात दुसरीकडे नाही. नायगाराच्या जवळजवळ दुप्पट उंच आणि १,७०८ मीटर रुंद! तुम्ही दप्तर घेऊन रमतगमत शाळेत जाता त्या चालीनं निघालात, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतील. आणि तेवढा वेळ तुमच्या बाजूला पाणीच पाणी पडत असेल.

मला याहून आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. बहुतेक धबधबे आपण खालून, मान वर करून बघतो. हा समोरासमोर बघता येतो. का? तर इथं नदी डोंगराच्या टोकावरून खाली उडी घेत नाही. ती सपाट पठारावरून संथ वाहत येते, बेटांना वळसे घालते, आणि अचानक तिच्या वाटेत जमिनीलाच एक प्रचंड भेग लागते. गावात पाण्याची पाइपलाइन टाकताना रस्त्याला आडवी चर खणतात ना? तशी ही नदीला आडवी चर. अख्खी नदी त्या चरीत पडते. चरीच्या पलीकडचा काठ मात्र अलीकडच्या काठाइतकाच उंच आहे. तिथं उभं राहिलं, की समोर धबधबा आणि पायांखाली घळई!

दीड किलोमीटरहून रुंद पडलेलं हे पाणी बाहेर कुठून पडतं? पलीकडच्या भिंतीत एकच अरुंद दार आहे. सगळं पाणी तिथून घुसतं, म्हणून पुढे भोवरे गरगरतात, फेस उसळतो. त्या जागेला 'बॉयलिंग पॉट' म्हणतात. उकळतं पातेलंच म्हणा ना. पाणी काही गरम नसतं बरं का!

ही चर खणली कोणी? त्यासाठी फार मागं जायला हवं. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीतून लाव्हारस बाहेर पडला. थरावर थर साचले आणि निवून त्यांचा काळा, कठीण बेसॉल्ट खडक झाला. ओळखीचा वाटतो ना हा खडक? आपला सह्याद्री याच जातीच्या काळ्या पाषाणाचा आहे, फक्त त्याच्याहून पुष्कळ लहान. आपल्या दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

तळं आटलं की तळाचा चिखल वाळतो आणि त्याला भेगा पडतात, हे तुम्ही पाहिलं असेल. लाव्हा निवताना आकसला, तशा त्यालाही भेगा पडल्या. पुढे त्या भेगांमध्ये माती, चुनखडी असा मऊ माल भरला. विटांच्या भिंतीत विटा घट्ट आणि मधला चुना भुसभुशीत असावा, तसं. नदीला ती भुसभुशीत जागा सापडली. तिनं मऊ माल धुऊन नेला आणि भेग उघडी पडली. झाला धबधबा!

पण गोष्ट इथं थांबत नाही. आता एक कोरा कागद घ्या. त्यावर पेन्सिलीनं एक मोठी, लांबट 'झेड'ची वळणं काढत जा, एकापुढे एक. धबधब्याच्या खाली झांबेझी अगदी अशी वाहते. एक घळई, मग वळण, उलट दिशेला दुसरी घळई, पुन्हा वळण. या प्रत्येक घळईच्या जागी एके काळी धबधबा होता! एक भेग पुरती कोरून झाली, की पाण्याला तिच्या मागची भेग सापडते, आणि धबधबा तिथं जाऊन बसतो. असं करत करत तो नदीच्या उगमाकडे मागं मागं सरकत आलाय. आजचा धबधबा हा त्या रांगेतला आठवा, असं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. किमान एक लाख वर्षांत त्यानं आठ किलोमीटर वाट मागं कापलीय.

मी वर्गात हे गणित घातलं. आठ किलोमीटर म्हणजे आठ लाख सेंटिमीटर. भागिले एक लाख वर्षं. उत्तर काय? वर्षाला सरासरी फार तर आठ सेंटिमीटर. तुमच्या करंगळीपेक्षा थोडं जास्त. अर्थात धबधबा दरवर्षी मोजून तेवढाच सरकतो असं नाही. बराच काळ तो एका जागी खडक कोरत बसतो आणि मग पुढची भेग धरतो.

पुढची भेग कुठली, तेही दिसू लागलंय. धबधब्याच्या पश्चिम टोकाला, झिंबाब्वेच्या बाजूला, 'डेव्हिल्स कॅटरॅक्ट' नावाचा भाग आहे. म्हणजे सैतानाचा धबधबा. तिथं काठ इतर भागापेक्षा बराच खाली झिजलाय. नवव्या धबधब्याची सुरुवात बहुधा तिथूनच होणार. आपण कुणी ते पाहायला नसू.

या झिजलेल्या टोकातच आपल्या दोन चित्रांचं अर्धं उत्तर दडलंय. बादली कलंडली की पाणी सर्वांत खालच्या कडेवरून सांडतं, हो ना? नदीत पाणी कमी झालं की तेही असंच वागतं. उरलेलं पाणी खोलगट भागातून, म्हणजे झिंबाब्वेच्या बाजूनं पडत राहतं. पूर्वेकडे, झांबियाच्या बाजूला काठ उंच आहे. तिथं ऑक्टोबर-नोव्हेंबरात नुसता काळा कडा उरतो. आमचं पेपरातलं चित्र त्या बाजूचं होतं!

आता पाण्याचा हिशेब. वर्षभराची सरासरी काढली, तर सेकंदाला सुमारे एक हजार घनमीटर पाणी पडतं. घनमीटर म्हणजे हजार लिटर. उन्हाळ्यात गावोगाव फिरतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे शंभर टँकर, दर सेकंदाला! आणि ही नुसती सरासरी. एप्रिलच्या सुमारास पूर असतो तेव्हा हा आकडा तिप्पट किंवा त्याहून जास्त होतो, आणि नोव्हेंबरात पुराच्या साधारण दहाव्या हिश्शावर येतो.

इथं एका हुशार मुलानं मला पकडलं. "बाई, पाऊस नोव्हेंबर ते मार्च पडतो म्हणालात. मग पूर एप्रिलमध्ये कसा?" शाबास! असं विचारावं. धबधब्याच्या वरच्या अंगाला बारोत्से नावाचा अफाट सपाट गवताळ प्रदेश आहे. पावसाचं पाणी आधी तिथं पसरतं, साचतं, आणि मग सावकाश खाली येतं. ओला स्पंज धरला की पाणी थोडं थोडं निथळतं, तसा हा प्रदेश नदीचा स्पंज आहे. तिथं राहणारे लोझी लोक पाणी चढलं की उंचावरच्या गावी जातात. त्यांचा राजा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मोठ्या नावेतून निघतो, शेकडो वल्ही पाण्यात पडतात, ढोल वाजतात. या सोहळ्याला 'कुओम्बोका' म्हणतात. अर्थ अगदी साधा, पाण्यातून बाहेर निघणं. पूर आला म्हणून उत्सव करणारे लोक! आपल्याकडे नदीकाठच्या गावांनी यावर विचार करावा असं मला वाटून गेलं, पण ते असो.

पूर असताना धबधबा पाहायला जावं, तर तो दिसतच नाही. ऐकलंत ना? पाणी इतक्या जोरानं आदळतं, की तुषारांचा ढग ४०० मीटरच्या वर उठतो. हवा स्वच्छ असली तर तो पन्नासेक किलोमीटरवरूनही दिसतो. समोर उभी असलेली माणसं मात्र नखशिखान्त भिजतात आणि डोळ्यांपुढे नुसतं पांढरं! त्या तुषारांमुळे समोरच्या काठावर सदा पाऊस पडत असतो. आजूबाजूचा मुलूख कोरडा, झुडपांचा. पण तेवढ्याच पट्ट्यात नेचे, अंजिराच्या जातीची झाडं आणि वेलींचं दाट रान वाढलंय. दिवसा इंद्रधनुष्य असतंच. पौर्णिमेच्या आसपास तर रात्रीही, चांदण्यातलं, फिकट पांढुरकं इंद्रधनुष्य उमटतं. एकदा तरी ते पाहायला मिळावं, एवढी माझी हौस आहे.

दुरून दिसणारा धूर, आणि त्या धुरातून येणारी गडगड. तिथल्या लोकांनी नाव ठेवलं, 'मोसी-ओआ-तुन्या'. म्हणजे गरजणारा धूर. कोलोलो भाषेतलं हे नाव. ऐकून पाठ करायची गरजच नाही, अर्थातच डोळ्यांपुढे उभा राहतो.

आता तो 'शोध कोणी लावला' हा प्रश्न. कित्येक वर्षं मी फळ्यावर लिहून दिलं : डेव्हिड लिव्हिंग्स्टन. या वेळी तेच लिहायला गेले आणि खडू थांबला. लिव्हिंग्स्टन हा स्कॉटलंडचा धर्मप्रसारक डॉक्टर आणि प्रवासी. १६ नोव्हेंबर १८५५ रोजी तो धबधब्यापाशी पोचला. पण त्या धुराबद्दल त्याला आधीच माकोलोलो लोकांनी सांगितलं होतं. त्यांचा राजा सेकेलेतू स्वतः त्याच्याबरोबर निघाला. नावा तिथल्या, नावाडी तिथले. प्रवाहातून नाव कशी न्यायची, हे त्यांनाच ठाऊक. त्यांनी त्याला धबधब्याच्या अगदी ओठावरच्या बेटावर नेऊन उतरवलं. तिथून पुढं वाकून त्यानं ती भेग पाहिली. ज्या जागेला नाव आहे, जिथं माणसं नांदतात, ती 'सापडली' कशी म्हणायची? तो धबधबा पाहून युरोपात ज्यानं त्याचं वर्णन पोचवलं, तो लिव्हिंग्स्टन. आता मी फळ्यावर एवढंच लिहिते. राणीच्या मानासाठी त्यानं 'व्हिक्टोरिया' नाव दिलं, ते जगभर झालं. १९८९ साली युनेस्कोनं हे ठिकाण जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं तेव्हा यादीत दोन्ही नावं घातली, आणि त्यातही मोसी-ओआ-तुन्या आधी.

तारखेकडे लक्ष गेलं का? नोव्हेंबर! म्हणजे पाणी सर्वांत कमी असताना तो गेला. म्हणूनच नाव त्या बेटापर्यंत जाऊ शकली. एप्रिलमध्ये गेला असता, तर भिजून परत आला असता.

त्या बेटावर त्यानं पीच, जर्दाळू आणि कॉफीच्या बिया लावल्या. १८६० साली पुन्हा येऊन पाहतो तर पाणघोड्यांनी बागेचं वाटोळं केलेलं. त्या खेपेला मात्र त्यानं धबधबा मोजला. दोरीला बंदुकीच्या गोळ्यांचं वजन आणि टोकाला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधून ती खाली सोडली. ३१० फूट सोडल्यावर ती कपारीत अडकली. रुंदीचा आकडा १,८६० यार्डांहून थोडा जास्त आला, पण सन १८६० म्हणून त्यानं १,८६० हाच आकडा कायम ठेवला! लक्षात ठेवायला सोपा. मीटर करून पाहा बरं. आजच्या मापाच्या किती जवळ येतो!

या माणसाचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आला. १८६४ साली तो आपली छोटी आगबोट हाकत आफ्रिकेहून थेट मुंबईला आला होता. त्या काळी गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या काही आफ्रिकी मुलांना नाशिकजवळच्या शरणपूरला मिशनच्या शाळेत ठेवत. तिथं शिकलेले काही तरुण पुढे लिव्हिंग्स्टनच्या प्रवासात सामील झाले. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याच्या आफ्रिकी साथीदारांनी त्याचा देह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत पोचवला. जेकब तर तो घेऊन लंडनपर्यंत गेला. नाशिकच्या मुलांनो, शरणपूर रोडवरून जाताना हे आठवा.

धबधब्यासमोरच्या घळईवर १९०५ सालापासून एक पोलादी पूल आहे, पाण्यापासून सुमारे १२८ मीटर उंच. त्याचे भाग इंग्लंडमध्ये बनले, जहाजानं आणि रेल्वेनं आणून इथं जोडले. धावत्या गाडीवर धबधब्याचे तुषार पडावेत अशी सेसिल ऱ्होड्स या बड्या इंग्रज धनिकाची हौस. पण त्यानं स्वतः धबधबा कधी पाहिलाच नाही, पूल होण्याआधीच तो वारला. पुलाचं उद्घाटन चार्ल्स डार्विनच्या मुलानं केलं. पुलाचं एक टोक झांबियात, दुसरं झिंबाब्वेत. १९७५ साली भांडणाऱ्या दोन पक्षांनी बोलणी करायला आगगाडीचा डबा या पुलाच्या मधोमध उभा केला होता. बोलणी फिसकटली. झिंबाब्वे स्वतंत्र झाला तो १९८० साली. आता काही धाडसी मंडळी पायाला दोर बांधून या पुलावरून उड्या मारतात. पालकांनो, मुलांना हे वाचून दाखवताना एवढं वाक्य गाळलंत तरी चालेल.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीचा प्रश्न अजून राहिलाच. "आटला असेल" असं ती म्हणाली होती. तिचं अगदीच चुकलं नव्हतं. पेपरातलं ते चित्र २०१९ च्या डिसेंबरातलं. कोरडा काळ दरवर्षी येतोच, पण त्या वर्षी वरच्या भागात पाऊसच नीट झाला नव्हता. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कडा उघडा पडला. जगभर बातमी झाली. धबधब्याच्या पुष्कळ खाली करिबा नावाचं अवाढव्य धरण आहे, दोन्ही देशांची बरीचशी वीज तिथं तयार होते. धरणातलं पाणी उतरलं आणि घरोघरी अंधार झाला. झांबियाच्या बाजूला धबधब्यापाशीही एक वीज केंद्र आहे. ते काठावरचंच थोडं पाणी वळवून घेतं. पाणी कमी असलं की यंत्राला द्यायचं की कड्यावरून सोडायचं, हा प्रश्न येतो. विजेवर शाळा, दवाखाने चालतात. धबधब्यावर प्रवासी येतात आणि हॉटेलवाले, नावाडी, वस्तू विकणारे यांची पोटं भरतात. तुम्ही काय ठरवलं असतं? आमच्या वर्गात यावरून दोन तट पडले आणि मधली सुट्टी संपली तरी भांडण मिटलं नाही.

त्यानंतर चारच महिन्यांत, २०२० च्या एप्रिलमध्ये, तीच नदी दुथडी भरून आली. कित्येक वर्षांत पडलं नव्हतं एवढं पाणी कड्यावरून कोसळत होतं. पण तेव्हा करोनामुळे जगातली विमानं जमिनीवर होती. धूर गरजत होता आणि पाहायला बाहेरचं कुणी नव्हतं. मग २०२४ साली पुन्हा दुष्काळ. झांबिया सरकारनं राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, आणि दिवसातले कितीतरी तास दिवे बंद राहिले.

हे सगळं वर्गात सांगून झाल्यावर मुलांनी दोन्ही चित्रांखाली महिन्यांची नावं लिहिलीत. पहिल्याखाली एप्रिल, दुसऱ्याखाली डिसेंबर २०१९. "पहिल्याचं साल?" त्या मुलीनं विचारलं. कॅलेंडर जुनं, त्यावरचा कोपरा फाटलेला. तेवढं मात्र मला सांगता आलं नाही.